बारा चुलींचं जळण

लोकांच्या चुलीत रोज किती जळण जातं ते मोजायची नोकरी मी केली आहे. सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. पहिल्या दिवशी मीही हसले होते. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मॅट्रिक होऊन मी तीन वर्षं घरी बसले होते आणि अलिबागच्या एका कचेरीत सहा महिन्यांसाठी माणूस हवं होतं. तेही बाईमाणूस, कारण चुलीपाशी परक्या पुरुषाला कोण बसू देणार? सहा महिन्यांनी साहेबांनी चांगला शेरा दिला तर पुढे कायम होण्याची आशा होती. वडील गेल्यापासून आई लोकांच्या सुपाऱ्या सोलून घर चालवत होती. तेव्हा माझा सगळा जीव त्या शेऱ्यात अडकला होता.

काम ऐकायला सोपं होतं. आमच्या किनाऱ्यावरची बारा घरं आणि म्हसळ्याच्या पलीकडे डोंगरात एक गाव होतं, तिथली बारा घरं. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षा-दोन वर्षांत एका गृहस्थांनी हीच घरं मोजली होती. आता मी पुन्हा मोजायची, म्हणजे किनारा आणि डोंगर यांची तुलना होईल, आणि तेव्हाची नि आताचीही. त्या गृहस्थांनी शेरांत लिहिलं होतं, मला किलोत लिहायचं होतं, पण त्याचं कोष्टक कारकुनाकडे होतं, ती माझी डोकेदुखी नव्हती.

पहिल्याच दिवशी साहेबांनी या कामामागचं कारणही सांगितलं, टेबलावरची पेन्सिल फिरवत, अगदी सहज. डोंगरातल्या लोकांना शेतासाठी रानातल्या झाडांच्या डहाळ्या तोडायची परवानगी होती. त्या पाल्याच्या डहाळ्यांना तिकडे कवळ म्हणतात. लोक शेताच्या नावाने कवळ तोडतात आणि चुलीत घालतात, असा वरच्यांचा संशय होता. डोंगरातल्या चुलींचं जळण वाढलेलं निघालं तर संशय खरा ठरणार आणि पौषात कवळतोड सुरू व्हायच्या आत ती बंद होणार. मी मान हलवली. कवळ बंद झालं तर त्या लोकांचं काय होतं हे मी विचारलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता.

दसऱ्यानंतर मी आमच्याकडची घरं मोजली. पद्धत अशी की सकाळी जळणाचा एक ढीग काट्याला लावून मोजायचा, दिवसभर त्यातलंच जाळायचं, दुसऱ्या सकाळी उरेल ते पुन्हा मोजायचं. मधल्या वेळात मी तिथेच बसायचं, म्हणजे बाहेरचं लाकूड चुलीत जाणार नाही. आमच्याकडे जाळतात ते नारळाच्या झावळ्या, त्यांचे जाड देठ म्हणजे पिडे, सोललेल्या नारळाची सोडणं, आणि खाडीकडच्यांकडे तिवराच्या काटक्या. बायका माझ्या ओळखीच्या, लहानपणापासून मला पाहिलेल्या. मी काटा घेऊन बसले की त्या मला चिडवायच्या, आता राखसुद्धा मोजून ने म्हणायच्या. जेवायची वेळ झाली की घरी जा गं, आई वाट बघत असेल, असं म्हणून हाकलून द्यायच्या. मी घरी जेवून परत यायचे. सगळं कसं सुरळीत झालं.

मार्गशीर्षात डोंगरात गेले. म्हसळ्यापर्यंत एस.टी., पुढे चढण. गावातल्या म्होरक्यांनी माझी राहायची सोय एका बाईच्या घरी केली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, सासूसासरे नव्हते, तेव्हा घरात परक्या मुलीला अडचण नाही म्हणून. चाळिशीची, उंच, सावळी बाई. मी तिला वहिनी म्हणू लागले. जेवणाचं म्होरक्यांनीच ठरवून टाकलं. ज्या घरी त्या दिवशी मोजायचं त्याच घरी बाईंनी जेवायचं, म्हणजे एकाच घरावर भार नको आणि कुणाला वाईटही वाटायला नको. मला ते फार सोयीचं वाटलं.

बारा दिवस मी राणीसारखी जेवले. एका घरी कोंबडी आणि वडे, दुसऱ्या घरी घावन आणि नारळाचा रस, तिसऱ्या घरी तांदळाची खीर. कुणी मुद्दाम म्हसळ्याला माणूस पाठवून माझ्यासाठी सुके बोंबील आणले, किनाऱ्यावरची आहे म्हणून. दुपारी चहा, तिन्हीसांजेला पुन्हा चहा. रात्री वहिनीकडे झोपायला आणि पहाटे तिच्या न्हाणीत कढत पाण्याची आंघोळ. थंडी कडक होती. चुली दिवसभर धडाडत होत्या आणि मी पाटावर बसून वजनं लिहीत होते. वर तोंड करून त्यांना सांगतही होते की लाकूड जपून वापरावं, एवढा मोठा जाळ कशाला, आमच्याकडे बघा किती थोडक्यात भागतं. बायका ऐकून घ्यायच्या आणि माझ्या ताटात आणखी एक वडा टाकायच्या. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका दुपारी वहिनीने मला तिचं रोपाचं वाफं दाखवलं. घराच्या वरच्या अंगाला, चार खाटा मावतील एवढा तुकडा. त्यावर शेण पसरायचं, वर कवळ, वर वाळलेला पातेरा आणि गवत, त्यावर मातीचा पातळ थर, आणि उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचं. याला राब भाजणं म्हणतात. आमच्या खाऱ्या जमिनीत ही पद्धत नाही, म्हणून मी पहिल्यांदाच ऐकत होते. राब भाजला नाही तर काय होतं, असं मी विचारलं. तिने पायाने मातीचं ढेकूळ फोडलं आणि म्हणाली की रोपाच्या आधी तण वर येतं, रोप पिवळं पडतं, मग लावायचं काय आणि खायचं काय. मग एकदम माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुज्या त्या कागदानं आमचं कवळ तर थांबायचं न्हाय ना, बाय?"

मी म्हटलं, मी खरं असेल तेच लिहिते. तिला एवढं पुरलं. ती घरी जाऊन माझ्यासाठी चहा टाकायला लागली.

अलिबागला परत आले आणि कारकुनाने कोष्टक लावून बेरजा केल्या. डोंगरातलं जळण त्या गृहस्थांच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट निघालं. किनाऱ्यावरचं होतं तिथेच होतं. साहेब खूश झाले. इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो म्हणाले, आणि माझ्या नीट नोंदींचं कौतुक केलं. कागद टंकायला गेले. सोमवारी ते वर जायचे होते. मला वहिनीचं वाफं आठवलं, पण त्याहून जास्त मला राग आला. एवढं समजावून सांगितलं तरी लाकूड उधळतात, मग भोगा आपल्या कर्माची फळं, असं माझ्या मनात आलं. आलं ते लिहिते, लपवत नाही.

त्या बुधवारी मुंबईहून मामा आला, रेवसच्या लाँचने, न सांगता. आईने माझ्या हातात नारळ दिला, स्वतः मागे गेली आणि कवेत मावतील तेवढी सोडणं नि दोन मोठे पिडे आणून चुलीत घातले. वर वैलावर दुसरं भांडं. घावन, माशाचं कालवण, भात, मामाला आंघोळीचं पाणी. नोकरीची सवय अंगात मुरलेली, म्हणून मी गमतीने म्हटलं की आई, तू एका दुपारी तीन दिवसांचं जळण जाळलंस, मी हे लिहून ठेवते. आई फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "पाहुण्याच्या दिवसाचं कुणी मोजतं का गं?" ती म्हणाली.

माझ्या हातातून खवणीवरचा नारळ निसटला. मी उठले आणि पेटीतून माझी वही काढली. त्यात वजनाशेजारी त्या दिवशी काय शिजलं ते मी लिहून ठेवलेलं होतं. किनाऱ्यावर ओळीने भात, आमटी, भात, आंबट. डोंगरात कोंबडी, वडे, खीर, घावन, चहा दोनदा, चहा तीनदा. बाराच्या बाराही दिवस पाहुण्याचे होते, आणि तो पाहुणा मी होते. ते आधीचे गृहस्थ शाळेत उतरले होते आणि स्वतःचा स्टोव्ह घेऊन गेले होते, हे गावातल्याच कुणीतरी मला हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी मोजली रोजची चूल आणि मी मोजला माझा पाहुणचार.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की वजन ते वजन, लाकूड जळलं हे खरं की नाही? मी म्हटलं, खरं, पण माझ्यामुळे. ते म्हणाले, तुमची नोंद चुकली असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तसं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागेल, आणि त्याचा शेऱ्यावर काय परिणाम होईल हे मी वेगळं सांगायला नको. मी पुन्हा मोजायला जाते म्हटलं. सोमवारी सकाळी कागद जाणार, ते थांबणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट बजावली. कशासाठी मोजता हे गावात कळलं तर लोक चुली विझवून बसतील, आणि मग तो आकडा मी हातातसुद्धा धरणार नाही. हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळी मी गावात पोचले. काट्याची पिशवी बघून बायका हसत पुढे आल्या. मी म्हटलं की उद्या सकाळी सगळ्यांनी एकदम ढीग काढून ठेवा, बाराही घरांचे मोजते, दोन दिवस त्यातलंच जाळा. बसायला मी कुठे येणार नाही. आणि या वेळी मी कुणाकडेच जेवणार नाही, चहा नको, पाणीसुद्धा मी विहिरीवरून घेईन.

कुणाच्या पाहुण्याने असं म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. थोड्या वेळाने म्होरके आले. वय झालेला माणूस, पण माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, आमचं काय चुकलं त्ये सांगा," ते म्हणाले. "मुलीवानी वागवलं तुमाला. आता पाणी पन चालत न्हाय?" सांगितलं तर आकडा मातीमोल, न सांगितलं तर मी कृतघ्न. मी खाली मान घालून म्हटलं की तसं काही नाही, काम आहे. मागून एक बाई म्हणाली की हिला आता आमचा विटाळ व्हायला लागला वाटतं. दुसरी म्हणाली, ढीग काढायची काही गरज नाही, जाऊ दे हिला आली तशी. चार-पाच जणी घराकडे वळल्याही.

वहिनी तोवर मागे उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "कवळाचं हाय का काय?"

हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ती वळली आणि बायकांना म्हणाली की माझा ढीग मी काढते, ज्यांना काढायचा त्यांनी काढावा, पोरगी रडकुंडीला आलीय, तिला छळू नका. त्या कुरकुरत तयार झाल्या. तिला काय कळलं होतं आणि किती, हे मी त्या दिवशी समजू शकले नाही.

मी वहिनीच्या पडवीत पथारी टाकली. शुक्रवारी सकाळी बारा ढीग मोजून दिले आणि परत येऊन पडवीच्या पायरीवर बसले. चणे आणि गूळ पदरात बांधून आणले होते, ते खाल्ले. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका माझ्याकडे न बघता जात. अंगणात भाताची झोडणी चालू होती, त्यामुळे रानात जाऊन लाकूड आणायला कुणालाच सवड नव्हती. मी तिथे बसून दिवसभर एकाच गोष्टीकडे बघत होते. आधीच्या खेपेला पडवीच्या भिंतीला लागून जळण माझ्या खांद्याएवढं रचलेलं होतं. त्याच्या वरच्या खुंटीला मी पिशवी अडकवायचे. आता ढीग गुडघ्याशी आला होता आणि मातीची भिंत उघडी पडली होती, ओल आलेली. झोडणी संपेपर्यंत पुरावं म्हणून वहिनीने दिवाळीच्या आधी डोक्यावरून आणून रचलेलं ते जळण होतं. बारा पहाटे माझ्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं होतं. तेव्हा मी न्हाणीतून ओरडून आणखी एक तांब्या कढत पाणी मागून घेत असे.

दुपारी वहिनीने चूल पेटवली. भात आणि कसलीशी भाजी होईतो निखारे झाले, ते तिने राखेखाली दाबले. तिन्हीसांजेला मी कान देऊन बसले होते. चूल पेटलीच नाही. दुपारचा भात तिने मिठाशी कालवून, सुक्या मासळीचा तुकडा तोंडी लावून खाल्ला. पहाटे तिने थंड पाण्याने आंघोळ केली, तेव्हा पहिल्या तांब्याला तिच्या तोंडून निघालेला आवाज मला पडवीत ऐकू आला. रविवारी सकाळी उरलेलं मोजलं तेव्हा शुक्रवारच्या आकड्यापासून काटा एवढासाच सरकला होता, की मला तो बिघडला असं वाटलं. मी तिला विचारलं की तू मला बरं वाटावं म्हणून कमी जाळलंस का. तिने ढीग उचलून भिंतीला लावत सांगितलं की रोज एवढंच लागतं. तिच्याकडून निघताना मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. "माज्या हातचं तुला बाधलं असंल तर तसं सांगायचं व्हतंस," एवढंच ती म्हणाली, आणि आत गेली. मला ते खूप लागलं, कारण मी तिच्या हातचं खाल्लं नाही हेच ती शेवटपर्यंत धरून बसली होती.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर नवी वजनं ठेवली. त्यांच्याखाली माझ्या हाताने लिहिलं होतं की आधीच्या खेपेला मी बाराही घरांत पाहुणी म्हणून जेवले, ती वजनं रोजच्या जळणाची नाहीत, चूक माझी आहे. नवी वजनं त्या जुन्या गृहस्थांच्या वजनांशी जवळजवळ जुळत होती. साहेबांनी वाचलं. हा कागद जोडला तर तुम्हाला काय शेरा देऊ, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जोडा. त्यांनी तो कागद खणात ठेवला आणि मला जायला सांगितलं. जोडला की नाही, ते विचारायची छाती मला झाली नाही.

फाल्गुनात माझे सहा महिने भरले. शेरा आला नाही, काटा परत घेतला गेला, आणि आईने काही न विचारता माझ्यापुढे सुपाऱ्यांची टोपली सरकवली. डोंगरात काय झालं ते कुणीच सांगत नव्हतं. कचेरीतला कारकून मला बघून रस्ता बदलायचा. रात्रीच्या झोपेत मला ती उघडी भिंत दिसायची. वैशाखात एक दिवस मला सहन झालं नाही आणि मी एस.टी.त बसले.

म्हसळ्यापासून चढताना मी खालून धूर शोधत होते. वैशाख अर्धा संपला होता, कवळ मिळालं असेल तर राब आता भाजलेच पाहिजेत. पहिला धूर दिसला तो पलीकडच्या गावाचा. वहिनीच्या गावाची वळणं आली तरी आभाळ स्वच्छ. गावाच्या शिवेवरचं पहिलं वाफं कोरडं, भेगाळलेलं, त्यावर काडीसुद्धा नव्हती. माझे पाय तिथेच थांबले. त्या वाफ्याचा मालक मुंबईला कायमचा गेला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की सगळं संपलं, आणि परत फिरावं असंही वाटलं. वहिनीला काय तोंड दाखवणार होते? तरी वर गेले.

वहिनी तिच्या वाफ्याच्या कडेला उभी होती, हातात झाडाची लांब फाटी. वाफं अर्धं काळं झालं होतं आणि मातीच्या फटींतून धूर जमिनीलगत सरपटत होता, म्हणून तो खालून दिसला नव्हता. तिच्या खाली आणखी तीन वाफी तशीच धुमसत होती. मी बांधावर बसले. तिने मला पाहिलं, पण जागची हलली नाही. मी तिथूनच तिला सगळं सांगितलं, का खाल्लं नाही, का बोलले नाही, आणि त्यांच्या घरचं जळण आधी दुप्पट का निघालं होतं.

ती फाटीने कडेची माती लोटत ऐकत होती. "तवा सांगितलं असतंस तर?" तिने विचारलं.

"तर तुम्ही चूलच पेटवली नसती."

"न्हायच पेटवली असती," ती म्हणाली. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "काटा कुठाय?"

मी म्हटलं, गेला, नोकरीही गेली. तिने फाटी टाकली, मला दंडाला धरून उठवलं आणि घरी नेलं. पडवीतला ढीग पुन्हा भिंतीएवढा झाला होता. त्यातलं सगळ्यात जाड लाकूड तिने ओढून काढलं. मी म्हटलं की वहिनी, नको, मला फक्त चहा दे. तिने ऐकलं नाही. न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवला, आणि मग दुसरं लाकूडही आत सारलं. पाणी इतकं कढत झालं होतं की पहिल्या तांब्याला पाठ भाजली, पण मी त्यात थंड पाणी मिसळलं नाही.